आजोबांची रॅले सायकल: नवीन कप दोन आट्यांवर जाम होतो, काय करू?

काळीमाती_देवळी:
मंडळी, सल्ला पाहिजे. आजोबांची रॅले गोठ्याच्या माळ्यावर कितीतरी वर्षं पडून होती, दिवाळीत खाली काढली. बिल्ल्यावर नॉटिंगहॅम, चेनच्या चकतीत बगळ्याच्या माना, रॉडचे ब्रेक. पायडल मारलं की खालून कटकट. मिस्त्रीनं खोललं तर पायडलच्या एक्सलवर खड्डे आणि डाव्या कपात (फ्रेममध्ये आट्यांनी बसते ती छर्‍यांची वाटी) चर पडलेली. त्यानं बाजारातला कप आणला. तो दोन आटे मस्त फिरतो अन् मग हलत नाही. मिस्त्री म्हणतो पान्याला पाइप लावून दाबू, आपोआप आटे पाडून घेतो. माझं मन घेत नाही.
दुसरं, पुढच्या चाकाला अॅल्युमिनियमचा हब बांधला, त्याचा एक्सल चिमट्यात (चाक धरणाऱ्या फोर्कात) शिरत नाही. शिवाय सीटचा पाइप ढिला आहे. सायकल रोज वावरात न्यायची आहे, सजवून ठेवायची नाही.

आटेमोज्या:
पाइप बाजूला ठेवा आधी! जुन्या-नव्या दोन्ही कपांचा व्यास जवळपास सारखाच असतो, म्हणून नवा सुरुवातीला फसवतो. फरक आट्यांत आहे. बाकी इंग्लिश मापाच्या सायकलींना इंचाला 24 आटे, पण रॅलेनं स्वतःचं 26 चं माप चालवलं. जुना कप धुऊन पट्टी लावा अन् अर्ध्या इंचात मोजा. 12 भरले तर 24 चं माप, 13 भरले तर 26 चं. एका आट्याच्या फरकावर जोर लावला तर कपाचं काही नाही, तो दुसरा मिळेल, पण फ्रेमचे आटे सोलून निघतील. फ्रेम कुठून आणणार?

पुलगाव_एक्सप्रेस:
एवढं काय डोकं लावता, कप ठोकून वेल्डिंगचे दोन टाके मारा. आमच्या इकडे अर्ध्या सायकली तशाच चालतात.

आटेमोज्या:
चालतात हो. पण छर्रे घासले की कप काढायचा कसा? अन् वेल्डिंगच्या आचेनं कपाचा कडकपणा जातो. दुसरा उपाय म्हणजे लेथवाल्याकडून 26 आट्यांचा कप करून घेणं. मी केला होता. मऊ लोखंड होतं, एका पावसाळ्यात छर्‍यांनी नाली पाडली.

बुढा_मिस्त्री:
पोरा, मी तीस-पस्तीस वर्षं सायकली खोलून राहिलो. भंगारवाल्याकडे जाय. मोडकी रॅले भेटते, कप त्याच्यातूनच काढ. उजवा कप चांगला असन तं त्याले हातच लावू नोको. काढाच लागला तं ध्यानात ठेव, उजवीकडचे आटे उलटे असते, घड्याळाच्या काट्यासारखा फिरवला का सुटते. पोट्टे तिथंच घोळ घालते अन् पाना मोडते.
एक्सल घेतला तं जुन्याच्या बाजूले ठेवून दोन्ही कोनांमंधलं (छर्रे फिरते त्या उतारांमंधलं) अंतर पाह्य. फक्त लांबी पाहून आणला तं एक तं घट्ट होते नाई तं डुलते. छर्रे पाव इंची, एका बाजूले 11. नवेच टाक, जुने-नवे मिसळू नोको.
अन् कॉटर, म्हणजे क्रँक (पायडलचा दांडा) एक्सलवर पक्का धरते ती खीळ! नट पिळून कॉटर ओढू नोको, आटेच जाते त्याचे. क्रँकच्या खाली जमिनीपासून लोखंडी पाइपाचा तुकडा उभा कर, मंग वरून हाण. नाई तं सगळा मार छर्‍याइले बसते. कॉटर थोडा जाड वाटला तं सपाट बाजू कानशीनं घास, दोन्ही कॉटर सारखे घास. पातळ पडला तं पत्रा गुंडाळू नोको, दुसरा आण.

वायगावची_सून:
दादा, हबाबद्दल माझं ऐका. जुन्या रॅलेचा पुढचा एक्सल 5/16 इंची, म्हणजे जेमतेम 8 मिमी. तुमच्या नव्या हबाचा बहुतेक 9 मिमी असेल. चिमट्याची खाच दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा मिमी घासता येते, फक्त वरच्या गोलाईला कानस लागू देऊ नका, चाक तिरकं बसतं. पण रुंदीही मोजा. नवे हब साधारण 100 मिमी असतात, जुना चिमटा त्याहून अरुंद. तो फाकवायच्या भानगडीत पडू नका, त्यापेक्षा देशी 28 इंचीचा लोखंडी हब मोजून घ्या.
सीटला थंड पेयाच्या डब्याचा पत्रा चालतो. तो अंदाजे 0.1 मिमी असतो, एका वेढ्यानं 0.2 मिमी भरतं. फट मोठी असेल तर बरोबर मापाचा पाइपच घ्या. आत अडीच इंच तरी जायला हवा.
हँडलला मात्र असा पत्रा कधीच नाही. माझ्या दिरानं लावला होता. कापसाची गाडी चुकवताना हँडल वळलं अन् चाक सरळच गेलं. नालीत पडला, मनगट मोडलं. सीट फिरली तर माणूस शिव्या देतो, हँडल फिरलं तर दवाखाना.

पुलगाव_एक्सप्रेस:
बरं बावा, वेल्डिंग मागे घेतो. पण आटे बदलायचा टॅप मारला तर?

आटेमोज्या:
मारतात काही जण. डाव्या-उजव्या टॅपची जोडी महाग पडते, अन् एकदा मारला की 26 चे आटे गेले ते गेले. भंगारात कप सापडला नाही तर मग विचार करा.

काळीमाती_देवळी:
मोजले. 13 भरले! भंगारवाल्याकडे गोणीभर कप होते, तासभर उकिडवं बसून एक डावा सापडला, हातानंच शेवटपर्यंत फिरला. एक्सलही त्याच सायकलचा काढला. हब परत केला, लोखंडी घेतला, त्याचा एक्सल खाचेत सरळ बसला. कॉटर मिस्त्रीनं पाइप खाली ठेवूनच ठोकला, आधी तोंड वाकडं केलं जरा. कटकट गेली. आता मागचं मडगार्ड टायरला घासतंय, पण ते चिखलामुळे असावं, काल वावरातून आलो तेव्हापासून चालू आहे.

बुढा_मिस्त्री:
चिखल काढून पाह्य आधी. अन् पन्नासेक किलोमीटर झाले का कॉटर पुन्हा एक डाव ठोकून घेजो.