होस्टिंगवाले आकडे दाखवेनात? तुमचा अनुभव लिहा

साइट बांधून देणारे आता गल्लोगल्ली आहेत. ती वाचतं कोण, किती, कुठून, हे पाहायला गेलं की स्वस्तातलं शेअर्ड होस्टिंग (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट) हात आखडतं. नागपूर आणि आसपासचे जे कोणी स्वतःची साइट स्वतः चालवतात, त्यांनी काय अडलं, काय जमलं ते मोकळेपणी लिहा. वर आपला भाग लिहा. सुरुवात माझ्यापासून.

महाल

मी मारबतीवर, म्हणजे नागपुरात मिरवणुकीने निघणाऱ्या पुतळ्यांवर लिहितो. पोळ्याच्या रात्रीपासून लोक शोधाशोध करतात, ते दुसऱ्या दिवशी पिवळी आणि काळी मारबत निघेपर्यंत. पण आमच्या सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर. तिथला दिवस आपल्याकडे पहाटे ५.३० ला बदलतो, म्हणून मध्यरात्रीपासून तोवरचे सगळे वाचक ‘एडब्ल्यूस्टॅट्स’ (होस्टिंगसोबत आलेलं मोजणीचं सॉफ्टवेअर) आदल्या दिवशी दाखवतं. त्यात टाइमझोनचं प्लगइन (जोडसोय) आहे, पण ते चालू करायची कॉन्फिग, म्हणजे सेटिंगची, फाइल ग्राहकाला उघडताच येत नाही. माझ्या लेखाचा सगळ्यात मोठा दिवस कुठला, हे मला माझ्याच साइटवर कळू नये, याचा खरंच राग येतो.

धरमपेठ, वाचनालय

दादा, आमचं दुखणं वेगळं. वाचकांची माहिती बाहेरच्या कंपनीकडे जाऊ नये हा समितीचा आग्रह, म्हणून आपल्याच सर्व्हरवर चालणारं मोजणीचं सॉफ्टवेअर, मॅटोमो, टाकलं. त्याला सर्व्हरवर पीएचपी ही भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस लागतो, दोन्ही होतं. सुरुवातीला छान चाललं. मग महिन्याचा अहवाल उघडला की नुसतं पांढरं पान! अहवालाची बेरीज क्रॉनने (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणारी सोय) आधीच करून ठेवायची असते, नाहीतर मॅटोमो ती पान उघडल्यावर करत बसतं. आमच्या प्लॅनमध्ये क्रॉन नाही आणि पीएचपीला ३० सेकंदांची मर्यादा, त्यामुळे बेरीज अर्ध्यातच तुटायची. सपोर्टचं एकच पालुपद, ‘व्हीपीएस (स्वतंत्र वाट्याचा, महागडा सर्व्हर) घ्या.’ वर्गणीवर चालणाऱ्या वाचनालयाने कुठून घ्यायचं? शेवटी जुन्या कच्च्या नोंदी आपोआप पुसायची सोय सेटिंगमध्ये सापडली. अहवाल राहतात, एकेका भेटीचा तपशील जातो. आता पान उघडतं, आणि बालविभाग सर्वांत जास्त पाहिला जातो हे समितीपुढे ठेवता आलं.

काटोल रोड, संत्र्याची रोपवाटिका

आम्ही फुकटातल्या साइट-बिल्डरवर. मोजणीचा कोड चिकटवला, सेव्ह केलं, पुन्हा उघडलं तर स्क्रिप्टची ओळ गायब, बाजूचा मजकूर जसाच्या तसा. स्क्रिप्ट गाळतात, पण बाहेरचं चित्र चालतं, म्हणून गोटकाउंटर या मोजणीच्या सेवेचं न दिसणारं चित्र बसवलं. प्रत्येक पानाचा पत्ता हाताने लिहावा लागतो, पण मोजणी होते. बाबांना हवं असतं वरूडहून किती आले, कळमेश्वरहून किती. ते नाही मिळत. मोबाइलवरचा माणूस मोबाइल कंपनीच्या गेटवेतून (इंटरनेटला जोडणाऱ्या केंद्रातून) येतो, त्यामुळे गाव सोडून भलतंच मोठं शहर दिसतं. त्या आकड्यावर कलमं कुठे पाठवायची ते ठरवू नका, भाऊ.

सदर

लॉग, म्हणजे सर्व्हर ठेवतो ती प्रत्येक भेटीची नोंद, मिळत असेल तर लॉगच घ्या. सीपॅनेलमध्ये (होस्टिंग सांभाळायचं पान) ‘रॉ ॲक्सेस’ असतं, तिथे लॉग साठवून ठेवायचा पर्याय असतो. आमच्या कंपनीने तोच लपवलाय, लॉग रोज पुसला जातो. मी रात्री जेवण झालं की दिवसाची फाइल उतरवून घेते आणि लॅपटॉपवर लॉग वाचून आकडे काढणाऱ्या गोॲक्सेसला देते. पहिल्यांदा पाहिलं तर वर्डप्रेसचं लॉगिन पान शोधणाऱ्या बॉटच्याच (आपोआप फिरणाऱ्या प्रोग्रामच्या) ओळींवर ओळी, आणि माझी साइट वर्डप्रेसवर नाहीच. स्क्रिप्टवाल्या मोजणीत असले बॉट बहुधा येत नाहीत, लॉगमध्ये सगळे येतात. म्हणून दोन आकडे जुळले नाहीत तर घाबरू नका. महालवाले दादा, लॉगच्या प्रत्येक ओळीत वेळ असते. त्यात साडेपाच तास मिळवा, मारबतीचा दिवस नीट वेगळा निघेल.

मनीषनगर

मी होस्टिंग घेण्याआधी ईमेलवर विचारलं होतं: क्रॉन किती मिनिटांनी चालवता येईल, कच्चा लॉग किती दिवस राहील? काही कंपन्या फोनच करून राहिल्या, लेखी देईनात. एकीने दिलं. पुढे रिन्यूअलनंतर क्रॉन बंद केला, तेव्हा तोच ईमेल जोडून पाठवला आणि परत चालू करून घेतला. मजकूर कोणाला हवा असेल तर सांगा, इथे टाकतो.