उघड्या वीजवाहिनीलगत बांधकाम: वीज कंपनी आणि सरकारी यंत्रणांना एकत्र कसे आणावे?

प्रश्न | साइट अभियंता, पुणे परिसर

आमच्या सात मजली इमारतीच्या एका बाजूने ११ केव्हीची (११ हजार व्होल्टची) उघडी वाहिनी जाते. इमारतीचे तिच्यापासूनचे अंतर नकाशा मंजूर होतानाच तपासले गेले असून ते नियमात बसते. मात्र तिसऱ्या स्लॅबनंतर बाहेरून परांची उभी राहिली आणि तिच्यात व तारेत उरलेली जागा पाहून त्या बाजूचे काम पुढे न्यावे असे मला वाटत नाही. ठेकेदार म्हणतो की तारांवर पीव्हीसी पाइप चढवले की झाले. वीज कंपनी, विद्युत निरीक्षक (वीजसुरक्षा तपासणारा सरकारी अधिकारी), पालिका आणि कामगार विभाग या चौघांचाही या विषयाशी संबंध येतो. परंतु त्यांना एकाच कागदावर आणण्याची काही रीत आहे, की प्रत्येकाचे दार वेगळे ठोठवायचे?

उत्तर १ | निवृत्त अभियंता, वीज वितरण

पाइपांचा विचार सोडून द्यावा. बाजारातला पीव्हीसी पाइप ११ केव्हीसाठी तपासलेला नसतो, त्याच्या फटीतून पावसाचे पाणी शिरते, आणि सर्वांत वाईट म्हणजे तो दिसला की कामगाराची भीड चेपते.

आता अंतराबद्दल. ११ केव्ही वाहिनीपासून इमारत आडवी १.२ मीटर आणि उभी ३.७ मीटर दूर असावी, हा नियम आहे. पण सळई १२ मीटर लांब असते. दोन बिगारी ती खालून उभी करून वरच्या मजल्यावर सरकवतात, तेव्हा तिचे वरचे टोक झोके खात असते आणि ते कुठे जाईल हे खाली धरणाऱ्याच्या हाती राहत नाही. तिथे १.२ मीटरची मातब्बरी ती काय?

तुम्ही विचारता ती रीत मात्र कायद्यात आधीपासूनच आहे आणि ती फारशी कोणी वाचत नाही, याचे मला नोकरीभर नवल वाटले. वाहिनीजवळ कायमचे किंवा तात्पुरते कोणतेही काम करायचे असेल, तर मालकाने आणि त्याच्या ठेकेदाराने वीज कंपनीला व विद्युत निरीक्षकाला लेखी कळवून सोबत प्रमाणबद्ध आराखडा द्यायचा असतो, आणि त्या आराखड्यात इमारतीबरोबर बांधकामाच्या काळातील परांचीही दाखवायची असते. ही तरतूद १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत होती आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा विनियमांतही ती कायम राहिली. काम चालू असताना किंवा पूर्ण झाल्यावर अंतराचा भंग होण्याची शक्यता नाही, असे निरीक्षकाने प्रमाणित करेपर्यंत काम सुरू करता येत नाही आणि चालूही ठेवता येत नाही. तेव्हा पत्र एकच लिहावे, दोघांना द्यावे आणि पालिकेच्या बांधकाम परवानगी विभागाला प्रत पाठवावी. पोच घ्यायला विसरू नये.

उत्तर २ | सुरक्षा सल्लागार, नाशिक

वरील उत्तर कायद्याच्या दृष्टीने अचूक आहे, पण प्रमाणपत्र हाती येईपर्यंत त्या बाजूची परांची तशीच उभी ठेवू नये. माझ्या मते ती आजच उतरवून आतील कामे हाती घ्यावीत. ती उतरवतानाही नळ्या वाहिनीच्या दिशेने आडव्या होतात. म्हणून तेवढ्या वेळापुरता वीजपुरवठा बंद करून मागावा, कंपनीच्या माणसाने वाहिनी तपासून अर्थिंग केल्यानंतर (ती जमिनीशी जोडल्यानंतर) लेखी परमिट घ्यावे आणि मगच माणसे वर चढवावीत. ‘लाइट गेली आहे, उरकून घ्या’ हे वाक्य साइटवर कोणालाही बोलू देऊ नये. ट्रिप झालेला फीडर, म्हणजे बिघाडामुळे आपोआप बंद पडलेली वाहिनी, उपकेंद्रातून पुन्हा चालू करून पाहिली जाते, हे मुकादमाला ठाऊक नसते.

कामगार विभागाचे म्हणाल, तर तिथे एक उणीव आहे. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याखालील केंद्रीय नियमांत सुरक्षा अधिकारी ५०० कामगारांपासून बंधनकारक होता आणि २०२० च्या कामगार सुरक्षाविषयक संहितेने ती मर्यादा २५० वर आणली. तुमच्यासारख्या इमारतीवर एका वेळी तेवढी माणसे क्वचितच असतात. अशा मध्यम आकाराच्या साइटवर बाहेरचा जाणता माणूस पोहोचण्याची हमखास वेळ एकच, ती म्हणजे तात्पुरत्या वीजजोडणीची. त्या अर्जासोबतच वरील आराखड्याची पोच मागितली आणि जोडणीसाठी आलेल्या अभियंत्याने वाहिनीकडेही नजर टाकली, तर कंपनी व निरीक्षक यांची भागीदारी वेगळा करार न करताच सुरू होईल.

उत्तर ३ | बांधकाम व्यवस्थापक, ह्यूस्टन

अमेरिकेत हेच काम वीज कंपनीवर मुदत घालून करून घेतले जाते. संघराज्याच्या ‘ओशा’ या कामगार सुरक्षेच्या नियामक संस्थेच्या २०१० च्या क्रेनविषयक नियमांनुसार वाहिनी चालूच आहे असे धरून चालायचे असते. साधारणपणे २० फूट अंतर राखायचे आणि त्याहून जवळ जायचे असेल तर वाहिनीचा दाब किती आहे हे आधी ठाऊक हवे; ५० केव्हीपर्यंत किमान १० फूट. ठेकेदाराने दाब विचारला की वीज कंपनीने कामकाजाच्या दोन दिवसांत तो कळवायचा, असे त्याच नियमात म्हटले आहे. आमच्या साइटवर ही मुदत कोणत्याही सुरक्षा सप्ताहापेक्षा जास्त उपयोगी ठरते. याशिवाय २००४ पासून ओशा, वीजवाहिन्या उभारणाऱ्या ठेकेदार कंपन्या आणि त्यांची कामगार संघटना यांची स्वतंत्र भागीदारी आहे. पण तिचा भर लाइनमनच्या कामावर असल्यामुळे गवंड्याला तिचा थेट लाभ कमीच.

प्रश्नकर्ता

परांची उतरवण्यासाठी पुरवठा बंद करण्याचा अर्ज आज दिला. आराखडा नव्याने काढतो आहे. वाहिनी सरकवावी लागली तर खर्च कोणाचा?

उत्तर १ | निवृत्त अभियंता, वीज वितरण

वाहिनी आधीची आणि इमारत नंतरची, तेव्हा खर्च बांधकाम करणाऱ्याचा. महावितरणच्या क्षेत्रात परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून काम करून घेऊन कंपनीला १.३ टक्के पर्यवेक्षण शुल्क भरण्याचा मार्ग आहे. अंदाजपत्रक मागतानाच तसे लिहावे. भूमिगत केबलचा पर्यायही त्याच अर्जात विचारा, कारण परांची प्लॅस्टर आणि रंगासाठी पुन्हा त्याच बाजूला उभी राहणार आहे.