राग आल्यावर दीर्घ श्वास घेतला की गरगरतं, काय चुकतंय?

वारजेकर: रोज संध्याकाळी पुण्यात नळस्टॉप ते वारजे, दुचाकीवर. राँग साइडने कोणी अंगावर आलं की डोकं सटकतं आणि तो राग घरी निघतो. दीर्घ श्वासाने उलट गरगरतं. उशीवर गुद्दे मारा असंही कोणी सुचवलंय. नेमकं करायचं काय? सुविचार नकोत.

संथ_श्वास: खोल आणि भराभर घेताय. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, म्हणून गरगरतं, कधी बोटांना मुंग्याही येतात. श्वास मोठा नको, संथ हवा. नाकाने 4 आकडे आत, 6 आकडे बाहेर. मिनिटाला साधारण 6 श्वास होतात, म्हणजे 60 सेकंदांच्या सिग्नलला पुरेसे. खांदे उचलले जात असतील तर चुकतंय, पोट हलायला हवं. डोळे उघडे ठेवा. सिग्नलचा आकडा 5 वर येताच मागचा हॉर्न देणार आहे!

मात्र आधी शांत असताना सराव हवा. रोज दोनदा, 5-5 मिनिटं, निदान दोन आठवडे. थेट भडक्यात पहिला प्रयोग केला की 'आपल्याला जमत नाही' म्हणून लोक सोडून देतात.

गुद्दे नकोतच. 2024 साली 154 अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला. शरीराची उत्तेजना उतरवणाऱ्या उपायांनी राग कमी झाला, वाढवणाऱ्यांनी एकंदरीत नाही. उशीच्या जागी तोच माणूस दिसत असतो, म्हणजे रागाचीच तालीम.

तीन_रकाने: श्वासाने भडका उतरतो, डोक्यातलं भांडण नाही. त्याला मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसची विवेकनिष्ठ पद्धत. वहीत तीन रकाने: घटना, विचार, परिणाम. घटनेत फक्त कॅमेऱ्याला दिसेल तेवढंच. 'माजोरडा अंगावर आला' ही घटना नव्हे. 'माजोरडा' दुसऱ्या रकान्यात. मग विचारातला 'च' शोधा: 'नियम पाळलाच पाहिजे', 'आलाच कसा'. तिथे लिहा, 'त्याने पाळावा असं मला फार वाटतं, पण माझ्या वाटण्यावर तो गाडी चालवत नाही.' 'जाऊ दे, काही झालं नाही' असं लिहू नका. ते स्वतःलाच पटत नाही, म्हणून टिकत नाही. तो चुकलाय हे चुकलेलंच राहू द्या.

वारजेकर: वही लगेच भरायची?

तीन_रकाने: त्याच दिवशी, पण डोकं निवल्यावर. गरम डोक्याने लिहिलं की तिन्ही रकान्यांत शिव्याच येतात.

उंबरठा: घरासाठी टाइम-आउट. घरच्यांशी आधीच ठरवून ठेवा. जबडा आवळला, आवाज चढला की 'मी अर्ध्या तासात येतो' एवढंच बोलून बाहेर पडा, पायी. गाडी नको, दारू नको, मनात उत्तरं जुळवणं नको. आणि वेळेवर परत या. न सांगता निघून गेलात तर तो रुसवा होतो, समोरच्याला शिक्षा वाटते.

हात उगारला जात असेल तर हे घरगुती उपाय पुरे नाहीत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गाठा. सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन टेली मानस, 14416, मोफत आहे, मराठीत बोलता येतं.