रंगवलेल्या छायाचित्रांतले अमेरिकी समुद्रकिनारे : त्यांतले रंग कितपत खरे?

जुनी_पेटी :
गेले काही आठवडे मी १९४० ते १९६० या काळातील अमेरिकी समुद्रकिनाऱ्यांची छायाचित्रे पुन्हा पुन्हा पाहतो आहे. ती मूळची कृष्णधवल आहेत, पण अलीकडे कोणीतरी संगणकाच्या साहाय्याने रंगवलेली आहेत. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर तीळ ठेवायला जागा नाही अशी गर्दी दिसते, आणि मागे ‘पॅराशूट जंप’ या करमणुकीच्या खेळाचा तो उंच मनोरा, जो १९३९ च्या जागतिक मेळ्यासाठी उभारला गेला आणि १९४१ मध्ये या किनाऱ्यावर हलवला गेला.

यांतील एक साधेसे घरगुती छायाचित्र मनातून जात नाही. छत्रीखाली गडद निळा पोहण्याचा पोशाख घातलेली एक बाई बसली आहे, शेजारी बादली घेतलेला मुलगा आहे, आणि पांढऱ्या समासावर ‘जुलै १९५४’ असे छापलेले आहे. हेच छायाचित्र मी पूर्वी कृष्णधवल रूपात पाहिले होते, तेव्हा केवळ कुतूहल वाटले होते; रंग चढल्यावर मात्र, ज्या काळात माझा जन्मही झाला नव्हता आणि ज्या किनाऱ्यावर मी कधी गेलो नाही, त्याची चक्क ओढ लागली. ही ओढ ज्या रंगांमुळे लागली, ते रंग ही माहिती आहे की निव्वळ अंदाज? आणि तो फरक पाहणाऱ्याला ओळखता येतो का?

रसायनवही :
अंदाजच, पण तो कुठे बरोबर येतो आणि कुठे फसतो हे बऱ्याच अंशी सांगता येते. कृष्णधवल चित्रात प्रत्येक बिंदूचा फक्त उजळपणा नोंदलेला असतो. असंख्य रंगीत छायाचित्रांवरून शिकलेली प्रणाली त्या उजळपणावरून आणि आकारांवरून रंगाचा तर्क करते. आकाश, वाळू, गवत यांच्या बाबतीत फारसे पर्याय नसल्याने तिचा तर्क जमतो. पोशाख, टॉवेल किंवा छत्री यांना मात्र कोणताही रंग असू शकतो, आणि अशा वेळी चूक कमीत कमी व्हावी म्हणून ती अनेक शक्यतांच्या मधला, मळकट तपकिरी किंवा करडा रंग निवडते. रंगवलेल्या चित्रांत सगळीकडे जो मऊ, मधाळ उबदारपणा दिसतो आणि ज्याला आपण ‘जुना काळ’ समजतो, तो पुष्कळदा या अनिश्चिततेचाच रंग असतो.

आपण दिलेले १९५४ हे साल फार महत्त्वाचे आहे. त्या काळी घरगुती कॅमेऱ्यांत कोडॅकची व्हेरिक्रोम ही फिल्म सर्रास वापरली जाई. १९३१ पासून मिळणारी ही फिल्म निळ्या व हिरव्या प्रकाशाला संवेदनशील होती, पण तांबड्याला जवळजवळ आंधळी होती, आणि म्हणूनच ती अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली धुता येत असे. तांबडा रंगही नोंदवणारी व्हेरिक्रोम पॅन १९५६ मध्ये आली. जुन्या फिल्मवर लाल ओठ आणि लाल कापड जवळजवळ काळे उमटत असे, तर निळे आकाश पांढरेफटक पडत असे. संगणकाला फिल्मचा हा दोष ठाऊक नसतो. गडद छटा दिसली की तो गडद निळा किंवा काळा रंग भरून मोकळा होतो. छायाचित्र खरोखरच व्हेरिक्रोमवर घेतलेले असेल, तर आपल्या त्या बाईंचा पोशाख लालभडक असण्याची शक्यता मला बरीच वाटते.

पोस्टखाते :
एक छोटीशी भर. छायाचित्रांवर मनाजोगते रंग चढवण्याचे काम संगणकाने सुरू केलेले नाही. शिकागोच्या कर्ट टाइक कंपनीने कापडासारखा पोत असलेल्या कागदावर जी पोस्टकार्डे छापली, त्यांतले कित्येक झगमगते किनारे मुळात कृष्णधवल छायाचित्रेच होती. कारागीर त्यांत आकाश, ढग आणि रंग भरत असत. म्हणजे त्या काळातील लोकांनाही आपले किनारे रंगवूनच पाहायला आवडत होते. ‘रंजन’ या शब्दाचा मूळ अर्थ रंगवणे असाच आहे, त्यामुळे ‘स्मरणरंजन’ हा आपला शब्द या विषयाला किती चपखल बसतो, हे सहज मनात आले.

स्लाइडवाला :
ज्यांना खरे रंग पाहायचे आहेत, त्यांनी कोडाक्रोम या कोडॅकच्या रंगीत फिल्मवरची छायाचित्रे पाहावीत. ही फिल्म १९३५ मध्ये चलच्चित्रांसाठी आली आणि १९३६ मध्ये स्थिर छायाचित्रांसाठी. तिचा प्रकाश टिपण्याचा वेग इतका मंद होता की तिला लख्ख ऊन लागे, आणि किनाऱ्यावर नेमके तेच मुबलक असे. इंडियाना विद्यापीठाकडे चार्ल्स कुशमन या हौशी छायाचित्रकाराच्या १९३८ ते १९६९ या काळातील सुमारे १४,५०० रंगीत पारदर्शिका (स्लाइड) आहेत. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयातही १९३९ ते १९४४ मधील सुमारे १,६०० रंगीत छायाचित्रे आहेत. विषय केवळ समुद्राचा नाही, पण त्या काळी कापड, गाड्या, पाट्या आणि माणसांची कातडी उन्हात कशी दिसे, हे तिथे कळते.

रंगवलेल्या चित्रांतील माणसे एकजात सोनेरी, गव्हाळ दिसतात. खऱ्या पारदर्शिकांत मात्र उन्हाने भाजलेले गुलाबी खांदे दिसतात, आणि शेजारीशेजारी बसलेल्या दोघांची कातडी सारखी नसते. अर्थात कोडाक्रोमही पूर्णपणे तटस्थ नव्हती, तिचा लाल रंग जरा अधिकच गडद येई. तरी तो त्या दिवशीच्या प्रकाशाने उमटवलेला लाल होता, हा फरक मला मोठा वाटतो.

भरती_ओहोटी :
वरील चर्चा पोशाखाच्या रंगावर थांबू नये, असे वाटते. रंग चढला की चौकटीत असलेली माणसे इतकी जिवंत होतात की चौकटीत कोण नाही, हा प्रश्न सुचतच नाही. मायामीतील कृष्णवर्णीयांना १९४५ मध्ये, आंदोलनानंतर, ‘व्हर्जिनिया की’ या बेटावरचा किनारा मिळाला, तोही वेगळा, केवळ त्यांच्यासाठी. मिसिसिपीतील बिलॉक्सी येथे डॉ. गिल्बर्ट मेसन यांच्या नेतृत्वाखाली २४ एप्रिल १९६० रोजी कृष्णवर्णीय लोक त्यांना मज्जाव असलेल्या किनाऱ्यावर गेले तेव्हा गोऱ्यांच्या जमावाने त्यांच्यावर हल्ला केला, आणि तो किनारा सर्वांना कायद्याने खुला व्हायला १९६८ उजाडले. जुनी_पेटी यांनी ज्या काळाची ओढ सांगितली, तोच हा काळ आहे. ती ओढ खोटी आहे असे मी म्हणत नाही. पण मी आजवर पाहिलेल्या रंगवलेल्या किनाऱ्यांत व्हर्जिनिया कीचे एकही छायाचित्र नव्हते, आणि कोणते छायाचित्र रंगवायला घ्यायचे हे संगणक ठरवत नाही.

जुनी_पेटी :
सर्वांचे मनापासून आभार. भरती_ओहोटी यांच्या मुद्द्यानंतर मी माझ्याकडील सगळी चित्रे पुन्हा चाळली. सुमारे चाळीस चित्रांत एकही कृष्णवर्णीय चेहरा नाही, आणि हे मला आजवर जाणवले नव्हते.

रसायनवही यांच्या सांगण्यानुसार १९५४ ची मूळ प्रतही शोधून शेजारी ठेवली. आकाश पांढरेफटक आहे, बाईंचे ओठ पोशाखाइतकेच काळे आहेत. छत्रीचे पट्टेही तितकेच काळे आहेत, जे रंगवणाऱ्याने तपकिरी केले आहेत. पोशाख आणि छत्री दोन्ही लाल असतील, असे धरून आता मी मूळ कृष्णधवल प्रतच पाहतो आहे. मुलाच्या बादलीचे मात्र कोडे सुटलेले नाही : ती फिकट करडी आहे, आणि रसायनवही यांच्या हिशेबाने ती निळीही असू शकते ना?

रसायनवही :
असू शकते. पिवळी मात्र असण्याची शक्यता कमी, कारण अशा फिल्मवर पिवळा रंग प्रत्यक्षापेक्षा गडद उमटतो.