मदत हवी आहे: आईच्या दाढेसाठी ब्रिज, नागपुरात कुठे?

आई ६४ वर्षांची. खालची डावी पहिली मोठी दाढ गेल्या वर्षी काढली. मागच्या दाढेचं रूट कॅनाल झालंय, कॅप बसवायची राहिली आहे. पुढची उपदाढ मात्र एकदम ठणठणीत. काढता-घालता येणारा दात करून पाहिला, तिला उमासे येतात, डबीत पडून आहे.

एका डॉक्टरांनी तीन युनिटचा ब्रिज सांगितला (मागच्या-पुढच्या दातांवर कॅप आणि त्यांना जोडलेला मधला खोटा दात), दुसऱ्यांनी इम्प्लांट (हाडात स्क्रू बसवून त्यावर दात). शुगर आहे, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ८.२, त्यामुळे इम्प्लांटला तिचीच तयारी नाही. हाडाचा एक्स-रे ठीक आहे, हिरड्या सुजलेल्या नाहीत. (आणि नाही, खर्रा-सुपारी काही नाही, नागपूरकर आधी तेच विचारतात.)

मागच्या दाढेला तसंही कॅप लागणारच, म्हणून ब्रिज पटतो. पण चांगली उपदाढ घासायची म्हटलं की जीव होत नाही.

राहणं सक्करदऱ्याला, मेडिकल कॉलेजजवळचं शासकीय दंत महाविद्यालय जवळ पडतं. गुडघ्यांमुळे जास्त चकरा जमत नाहीत. खर्च बेताचा हवा.

तिथे कोणी ब्रिज केला असेल तर सांगा: घासण्यापासून पक्कं बसवेपर्यंत किती चकरा होतात? मधल्या काळात तात्पुरती कॅप देतात का? आणि दाढेसाठी झिरकोनिया (धातू नसलेलं सिरॅमिक) घ्यावं की धातूवरचं सिरॅमिक, चार-पाच वर्षं वापरलेल्यांचा अनुभव काय?