शब्दचर्चा : एका नाण्यावर दुसरे नाणे पाडले, तर त्याला म्हणायचे काय?

ढब्बू :
रशियाचे तांब्याचे दोन कोपेकचे (कोपेक म्हणजे रूबलचा शंभरावा भाग) नाणे हाती आले आहे. साल १७६३. एका बाजूला भाल्याने अजगर मारणारा घोडेस्वार, दुसऱ्या बाजूला पुष्पमालेत सम्राज्ञी दुसऱ्या कॅथरीनचा मोनोग्राम, म्हणजे गुंफलेली आद्याक्षरे. नाणे तिरक्या उजेडात धरले की मोनोग्रामच्या मागून ढोलाची कड आणि निशाणाची काठी वर येते. विकणाऱ्याने पाकिटावर ‘ओव्हरस्ट्रक’ लिहिले होते. माझी नोंदवही मराठीत आहे. ‘पुनर्मुद्रित’ लिहिले तर चालेल का?

रेघोटी :
नको. एक तर पुनर्मुद्रित म्हटले की पुस्तकाची दुसरी आवृत्तीच डोळ्यांपुढे येते. दुसरे म्हणजे रशियन नाण्यांत या शब्दाची गरज दुसरीकडेच लागते. जुन्या दुर्मीळ नाण्यांच्या प्रती तिथल्या टाकसाळीनेच पुढे संग्राहकांसाठी पाडल्या, त्यांना रशियन लोक ‘नोवोदेल’ म्हणतात. पुनर्मुद्रित शोभेल ते त्यांना. तुमच्या नाण्याची गोष्ट वेगळी आहे. एक चालू नाणेच चकती म्हणून वापरले आणि त्यावर नवे ठसे मारले.

शब्दवेडा :
मग ‘पुनर्टंकित’? टंक म्हणजे नाणे, त्यावरूनच टांकसाळ. व्युत्पत्ती चोख बसते.

रेघोटी :
व्युत्पत्ती चोख, वापर गेला. आज कोणालाही ‘हे पुनर्टंकित आहे’ सांगा, तो विचारेल की आधीची फाइल उडाली का. टंकन आता संगणकाच्या कळफलकाकडे गेले, ते काही परत येत नाही.

कंगोरा :
शब्द ठरवण्याआधी वस्तू नीट पाहू. नाण्यावर दुहेरी खुणा दिसण्याची किमान चार कारणे असतात आणि बाजारात चारही एकाच नावाने खपवतात.

नाणे ठशाखाली हलले आणि दुसरा घाव बसला, तर चित्र तेच, फक्त सरकलेले किंवा फिरलेले. हा दुबार ठसा. मध्ये चकती नसताना दोन ठसे एकमेकांवर आदळले, तर पुढच्या नाण्यांवर मागच्याच बाजूच्या चित्राची उलटी छाया येते. चालू नाण्यावर कोपऱ्यात एखादी लहान खूण मारली, तर ती छाप. तिथे मूळ नाणे मूळच राहते. आणि खालचे चित्र वरच्या चित्राशी कुठल्याही बाजूने, कितीही फिरवले तरी जुळत नसेल, तर ते ढब्बू यांच्या जातीचे. ढोल आणि निशाण १७६३च्या दोन कोपेकवर कुठेच नसते, म्हणून इथे शंका नाही.

आता ढोल आला कुठून ते सांगतो, कारण त्यातच या नाण्याची खरी मजा आहे. रशियात तांब्याच्या नाण्यांचे वजन ‘एका पूद तांब्यातून किती रूबलची नाणी’ या हिशेबाने ठरे. पूद म्हणजे सुमारे १६.३८ किलो. १७२३ ते १७३० दरम्यान पाच कोपेकची क्रूसवाली नाणी पाडली, ती पूदाला ४० रूबल या दराने. एका नाण्याचे वजन सुमारे २०.५ ग्रॅम. तांबे बाजारात त्याहून कितीतरी स्वस्त, तेव्हा खोटी नाणी पाडणाऱ्यांची चंगळ झाली. १७४०च्या दशकात सरकारने या पाच कोपेकची किंमत टप्प्याटप्प्याने दोन कोपेकवर आणली. मग १७५५पासून त्यांवरच एक कोपेकचे ठसे मारले. दर पूदाला ८ रूबल, म्हणजे एका कोपेकला तेच २०.५ ग्रॅम. या नव्या कोपेकवर ढगांवरचा गरुड आहे. १७५७मध्ये दर १६ रूबल झाला, आणि तीच चकती दोन कोपेकची झाली. १७६२मध्ये तिसऱ्या पीटरने दर ३२ केला. चकती चार कोपेकची झाली, तिच्यावर ढोल, निशाणे, असा लष्करी थाट आला. पीटर सहा महिन्यांत गादीवरून गेला, कॅथरीनने दर पुन्हा १६वर आणला आणि चार कोपेकचे परत दोन कोपेक झाले.

म्हणजे चाळीस वर्षांत ठशावरची किंमत पाच, एक, दोन, चार, दोन अशी नाचली, पण वजन जागचे हलले नाही. वितळवण्याचा खर्च वाचला, हे टाकसाळीच्या सोयीचे. प्रत्येक नाण्यात सगळे थर असतीलच असे मात्र नाही. काही नाण्यांत दोनच थर दिसतात. तुमच्या नाण्यात ढोलाच्याही खाली काही दिसते का ते भिंगातून पाहा. ढगांचे गोल वळसे मोनोग्रामच्या वेलांट्यांत लपतात, कडेजवळ शोधलेले बरे. कडेवरचे नक्षीकाम साधारणपणे वेगळ्या यंत्रावर होत असे, त्यामुळे वरचे चित्र बदलले तरी कडेवर जुन्याचे अवशेष राहू शकतात. संग्राहक कड पाहतच नाहीत, ही माझी जुनी तक्रार.

ढब्बू :
पाहिले. वर उजवीकडे एक गोलसर वळसा आहे, ढोलाचा म्हणावा तर फार लहान. वजन १९.८ ग्रॅम.

कंगोरा :
वजन ठीकच आहे, झिजेचे धरायचे. वळशाबद्दल फोटोवरून शपथ घेणार नाही, पण जागा तर ढगाची आहे.

शब्दवेडा :
रशियन लोक याला काय म्हणतात?

कंगोरा :
पेरेचेकान. ‘चेकान’ नाणे पाडण्याशी जोडलेला, ‘पेरे’ म्हणजे पुन्हा, बदलून.

रेघोटी :
मग आपला ‘फेर’ आहेच की. फेरविचार, फेरमतदान, फेरतपासणी, सगळीकडे ‘आधी एकदा झालेले आहे, त्यावर पुन्हा’ हा अर्थ. पेरे-फेर सारखे ऐकू येतात म्हणून ओढूनताणून नाते लावू नका. पण मराठीत नाणी ‘पाडतात’ आणि ठसा ‘मारतात’. त्यावरून फेरठसा. नाणे फेरठशाचे. खाली दिसते ते ‘खालचे नाणे’, इतके साधे.

शब्दवेडा :
‘फेरठसा’ म्हणजे कंगोरा यांच्या ‘दुबार ठशा’शी गल्लत होणार नाही? दोन्हीकडे ठसा दोनदाच.

रेघोटी :
फेरमतदान आणि दुबार मतदान यांत आपण गल्लत करतो का? एक निर्णयाने, दुसरे चुकीने किंवा लबाडीने. नेमका हाच फरक हवा आहे. टाकसाळीने ठरवून केले ते फेर, घाव चुकून दुसऱ्यांदा बसला ते दुबार.

शब्दवेडा :
हे पटले. आपल्याकडचा दाखला द्यायचा तर नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६मध्ये सापडलेला साठा. क्षत्रप नहपानाची १३,०००हून अधिक चांदीची नाणी, त्यांतल्या ९,०००हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारला. त्यांना ‘पुनर्मुद्रांकित’ म्हटलेले वाचले आहे. फेरठशाची नाणी म्हटले तर शाळेतल्या पोरालाही कळेल. नहपानाचे नाक आणि त्यावर सातकर्णीच्या ठशातला डोंगर एकाच नाण्यावर दिसतो. जिंकलेल्याने हरलेल्याचा चेहरा पुरता पुसला नाही, की पुसायचाच नव्हता, हा वेगळा वाद.

कंगोरा :
तो हेतू रशियात सहसा नव्हता, तिथे हिशेब दराचा. पण एक खुसखुशीत अपवाद द्यायलाच हवा. १७९६मध्ये कॅथरीनच्या काळातच पुन्हा ३२चा दर काढून पाच कोपेकच्या नाण्यांवर दहा कोपेकचे ठसे मारायला सुरुवात झाली. ती त्याच वर्षी नोव्हेंबरात वारली. मुलगा पावेल याने आईची बहुतेक कामे उलटवली, हेही उलटवले. १७९७मध्ये त्या दहा कोपेकवर परत पाच कोपेकचे ठसे मारले, पण ठसे आईच्याच मोनोग्रामचे, आणि साल मागचे, १७९३ वगैरे. संग्राहक यांना पावेलचा पेरेचेकान म्हणतात. नाणे सुमारे ५१ ग्रॅमचे, हातात घेतले की वजनमापच वाटते. त्यावरचे साल वाचून काळ ठरवाल तर फसाल, कारण खालचे नाणे १७९६चे आणि वरचे १७९३चे. खालचे वरच्यापेक्षा नवे!

ढब्बू :
म्हणजे नोंदीत साल दोनदा लिहावे लागेल.

कंगोरा :
हो. ‘नाण्यावर १७९३, पाडले १७९७, खालचे दहा कोपेक १७९६’ असे. आणि एक सावधगिरी. फेरठशाच्या खुणा नकलाकाराला नव्याने घडवणे अवघड, म्हणून त्या असल्या की खरेपणाबद्दल भरवसा वाढतो. पण कोणी अस्सल नाण्याचाच साचा घेऊन ओतीव नकला काढल्या, तर त्या खुणाही नकलेत उतरतात. दोन नाण्यांत खालच्या ढोलाचा तुकडा अगदी त्याच जागी, तेवढाच दिसला, तर दोन्ही बाजूला ठेवा. प्रत्येक चकती ठशाखाली वेगळ्या कोनात जाते, दोन नाण्यांत खालच्या चित्राची भुते सारखी येत नाहीत.

ढब्बू :
लिहिले : ‘दोन कोपेक, १७६३, फेरठसा. खालचे नाणे चार कोपेक, १७६२. त्याखाली बहुधा ढगवाला कोपेक. १९.८ ग्रॅम.’ कडेचा फोटो उद्या टाकतो.