नर्सिंगच्या विद्यार्थ्यांचा वेळ कोण खातं, मोबाइल की ड्युटी?

रातपाळी: मी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. परवा मॅडम वर्गात म्हणाल्या, "मोबाइल बाजूला ठेवा, वेळही सापडेल आणि ताणही जाईल." मला हे पटलेलं नाही. सकाळी ७ला वॉर्ड, दुपारी लेक्चर, संध्याकाळी केअर प्लॅन, म्हणजे पेशंटच्या काळजीचा आराखडा लिहिणं. रात्री ११ला पाठ टेकते तेव्हा कुठे दिवसातली पहिली मोकळी वेळ मिळते. तेव्हा रील्स बघते, आणि अर्ध्या तासाचे दोन तास होतात, हे कबूल. पण ताण आधी आला, मोबाइल मागून. तुम्हाला काय वाटतं?

जुनी सिस्टर: आधी काय आलं ते मला सांगता येणार नाही, डोळ्यांनी पाहिलेलं सांगते. श्वास पूर्ण मिनिटभर मोजायचे असतात. नाडी बघतोय असं दाखवत मनगट धरून ठेवायचं, म्हणजे पेशंटचा श्वास बदलत नाही. गेल्या महिन्यात एका विद्यार्थिनीच्या खिशात फोन सारखा थरथरत होता. तिने १५ सेकंद मोजून चारने गुणलं आणि चार्टवर २० लिहिलं. मी मिनिटभर मोजले तर २८ भरले! मुलगी हुशार आहे, कामसूही आहे. लक्ष तेवढं खिशात होतं.

रातपाळी: सिस्टर, वॉर्डात फोन नको, यावर माझा वाद नाहीच. पण उद्याची ड्युटी कुठल्या वॉर्डात हे आम्हाला रात्री १०ला ग्रुपवर कळतं. केस प्रेझेंटेशनची तारीखही तिथेच बदलते. फोन बाजूला ठेवायचा तरी कधी?

आकडेमोड: मॅडमच्या मताला अभ्यासांचा आधार देताना जपून. मोबाइल आणि ताणावरचे बहुतेक अभ्यास एकदाच प्रश्नावली भरून घेतात. त्यातून ताण आणि मोबाइल सोबत वाढतात एवढंच दिसतं, कशामुळे काय ते नाही. शिवाय २०१३ साली कोरियात तयार झालेल्या स्मार्टफोन व्यसनाच्या १० प्रश्नांच्या मोजपट्टीत पहिलाच प्रश्न आहे की मोबाइलमुळे ठरवलेलं काम राहून जातं का. म्हणजे वेळेचं नियोजन बिघडणं मोजपट्टीतच धरलंय. मग व्यसन आणि बिघडलेलं नियोजन यांचा संबंध निघाला तर नवल काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीतही गेमिंगचा विकार आहे, स्मार्टफोनचं व्यसन नाही.

दुसरं वर्ष: यादीत नाव नाही म्हणून त्रास खोटा ठरत नाही. मी गजराचं साधं घड्याळ घेतलं आणि फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला चार्जिंगला लावायला लागलो. पहिले चार दिवस हात उशीजवळ चाचपडायचा. आता १२च्या आत झोप लागते आणि सकाळी औषधाच्या डोसचं गणित दोनदा तपासावं लागत नाही, एकदाच जमतं.

रातपाळी: आणि केअर प्लॅन?

दुसरं वर्ष: तो अजूनही तीन तास खातो. त्यात काही फरक नाही.

जुनी सिस्टर: दोनदा तपासणं मात्र सोडू नकोस, ते दमलास म्हणून नसतं, पेशंटसाठी असतं. रातपाळी, ड्युटीची यादी रात्री १०ला टाकणं चूकच आहे. आमच्याकडेही तेच चालतं, आणि ती टाकणाऱ्यांत मीही आहे. पुढच्या आठवड्यापासून यादी दुपारी ४ला नोटीस बोर्डावर लावते. फोन मात्र वॉर्डाबाहेर लॉकरमध्येच राहील.